बाबांच्या ट्रंकेतलं अंतराळ : काय ठेवू, काय देऊ?

शर्वरी_डोंबिवली

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय. आमची इमारत पुनर्विकासाला गेलीय आणि महिनाअखेर जागा रिकामी करून द्यायचीय. बाबा गेल्या वर्षी गेले. नोकरी रेल्वेत, आणि नाद दोनच: अंतराळ आणि विज्ञानकथा. त्यांची लोखंडी ट्रंक आणि दोन खोकी माझ्याकडे आलीत.

तिकिटांचे अल्बम आहेत. मंगोलिया, हंगेरी, पोलंड, रुमानिया, अजमान, फुजैरा, भूतान. जिकडे बघावं तिकडे रॉकेट, लायका कुत्री आणि चंद्रावरची माणसं. राकेश शर्मांच्या उड्डाणाचं पहिल्या दिवसाचं पाकीट आहे, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का असलेलं. दोन रुपयांच्या जुन्या नोटा आहेत, पाठीवर आर्यभट उपग्रह असलेल्या. मॉस्कोत छापलेली पुस्तकं, 'सोव्हिएत देश'चे अंक, १९६९ ची चांद्रमोहिमेची कात्रणं एका वहीत खळीने चिकटवलेली. दिवाळी अंकांचा मोठा गठ्ठा, प्रत्येकाच्या अनुक्रमणिकेत बाबांनी विज्ञानकथेपुढे लाल पेन्सिलीने फुली मारलीय. अपोलो ११ च्या तिघांचा फोटो, खाली तिघांच्या सह्या. दादाला शाळेत असताना जयंत नारळीकरांनी पाठवलेलं एक पोस्टकार्ड. आणि एक काठाला करपलेलं पाकीट, त्यावर इंग्रजीत 'रॉकेट' छापलेलं लेबल.

एका तिकीटवाल्या गृहस्थांना दाखवलं. अल्बम घेतो म्हणाले, पाकिटांवरची तिकिटं सोडवून घेतो, बाकीचे कागद रद्दीत घाला. दादा म्हणतो देऊन टाक एकदाचं. मला ते पटत नाहीये, पण नव्या भाड्याच्या घरात जागाही नाही. यातलं खरंच जपण्यासारखं काय?

कौस्तुभ_ठाणे

अल्बमांकडून फार अपेक्षा ठेवू नका. मंगोलिया, हंगेरीची ती तिकिटं आमच्या लहानपणी स्टेशनरीच्या दुकानात पाकिटात भरून विकत मिळायची. आजही भाव जवळपास नाहीच. आर्यभटच्या नोटाही घरोघरी निघतात. कोरं बंडल किंवा गमतीदार क्रमांक असेल तरच कोणी विचारतं. बाकीच्या गोष्टींवर आप्पा बोलतील, त्यांना कळवलंय.

आप्पा_मिरज

शर्वरीताई, पहिली विनंती: त्या गृहस्थांना एकही पाकीट देऊ नका, आणि तिकिटं तर कुणालाच सोडवू देऊ नका.

मी निवृत्त होईपर्यंत आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, सॉर्टर होतो. रात्रपाळीला थैल्या फोडायच्या आणि गावोगावच्या खणात पत्रं टाकायची. त्यामुळे तिकिटाआधी शिक्क्याकडे बघायची सवय हाडात भिनलीय. तिकीट छापखान्यात तयार होतं, एकासारखं दुसरं. शिक्का मात्र त्या एकाच पत्राचा असतो. अमुक तारखेला ते अमुक गावी होतं याची ती साक्ष. अंतराळाची पाकिटं जमवणारे जगभरचे लोक याच साक्षीच्या मागे असतात: उड्डाणाच्या दिवसाचा, प्रक्षेपणस्थळाजवळच्या टपाल कचेरीचा शिक्का. पाण्यात भिजवून तिकीट काढलं की तारीख गेली, गाव गेलं, पत्ता गेला. उरतो तो रंगीत कागद, आणि तो तर कुणाकडेही असतो.

आता तुमचं राकेश शर्मांचं पाकीट हातात घ्या. ३ एप्रिल १९८४ ला ते सोयुझ टी-११ यानातून सॅल्युत-७ या सोव्हिएत अंतराळस्थानकाकडे निघाले, आणि त्याच दिवशी आपल्या टपाल खात्याने तीन रुपयांचं तिकीट काढलं. पुष्कळ लोक पत्ता न घातलेलं, कोरं करकरीत पाकीट शोधतात. मला उलट वाटतं. तुमच्या पाकिटावर बाबांचा पत्ता असेल आणि ते पोस्टाने घरी आलेलं असेल, तर मागची बाजू बघा. तेव्हा पोचल्याचा शिक्काही मारत असू. म्हणजे माणूस वर फिरत असताना इकडे हे पाकीट डोंबिवलीच्या बटवड्यात होतं का, हे त्या दोन तारखांवरून कळेल. शर्मा ११ एप्रिलला परत उतरले. आत माहितीपत्रक असेल तर तेही पाकिटासोबतच राहू द्या.

अल्बमांबद्दल कौस्तुभ म्हणतात ते खरंय, पण कारण समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. हंगेरी किंवा मंगोलियाचं एक सुटं तिकीट उलटं करून बघा. पुढे शिक्का आहे, पण मागे डिंक जसाच्या तसा. पत्राला कधी लागलेलंच नाही ते. शिक्काही बघा कसा नेमका कोपऱ्यात, पाव वर्तुळाएवढा, प्रत्येकावर त्याच जागी. छापखान्यातून निघतानाच शिक्का मारून संग्राहकांना स्वस्तात विकायची ती पद्धत. अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन या तेव्हा आखाताच्या काठच्या चिमुकल्या अमिराती. त्यांनी तिकिटं काढायचे हक्क परदेशी एजंटांना दिले आणि अपोलोच्या वर्षांत चंद्राच्या तिकिटांचा नुसता पूर आला. तिथल्या टपालात त्यातली फारच थोडी वापरली गेली. संयुक्त अरब अमिरात झाल्यावर तो पूर ओसरला.

भूतानची पानं मात्र नीट बघा. १९६७ मध्ये भूतानने अंतराळवीरांची त्रिमिती तिकिटं काढली. वर रेघारेघांचं प्लास्टिक आहे, तिरकं धरलं की अंतराळवीर मागच्या काळोखातून पुढे आल्यासारखा दिसतो. मुलांच्या हाती देऊन तर बघा. ती वाकतात, म्हणून अल्बम उभा न ठेवता आडवा ठेवा आणि त्यावर वजन नको.

माझं सांगणं थोडक्यात असं की, जे 'जपा' म्हणून छापलं ते सगळ्यांनीच जपलं, म्हणून त्याला भाव नाही. जे वाचायला छापलं ते वाचलं गेलं आणि रद्दीत गेलं. तुमच्या ट्रंकेतला खरा ऐवज त्या गृहस्थांनी रद्दीत घालायला सांगितलेल्या कागदांत आहे.

'सोव्हिएत देश'चंच घ्या. घरोघरी यायचा, वर्गणी अगदी किरकोळ. त्याचा कागद इतका गुळगुळीत आणि चित्रं इतकी रंगीत की जूनमध्ये शाळा सुरू झाली की सगळ्या वह्यांना त्याचीच कव्हरं. आमच्या घरी पाच भावंडांच्या वह्या गागारिन आणि तेरेश्कोवा या सोव्हिएत अंतराळवीरांच्या चित्रांनी झाकलेल्या असायच्या. त्यामुळे एकही पान न फाटलेला अंक आज सहज दिसत नाही. तुमच्याकडे १९६१ च्या अखेरचे किंवा १९६२ चे अंक असतील तर जरूर बघा. गागारिन १९६१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात भारतात आले होते, मुंबईलाही.

दिवाळी अंकांचं मोल तर मला त्याहून जास्त वाटतं. मराठी विज्ञानकथा आधी मासिकांत आणि दिवाळी अंकांत वाढली, पुस्तकांत मागाहून आली. 'नवल'सारखे अंक गूढ, अद्भुत आणि विज्ञानाच्या कथा एकाच पंगतीत वाढायचे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीस मिळवलं. तिथून पुढची दहा-पंधरा वर्षं या प्रकाराची भरभराटीची. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे ही सगळी मंडळी त्या काळात जोमात लिहीत होती. त्यांच्या नावावरची पुस्तकं मिळतील, पण अंकात आलेली प्रत्येक कथा पुस्तकात गेलेली नाही. एखादा लेखक एकच कथा लिहून गप्प झाला असेल, त्याची ती कथा फक्त त्या अंकात आहे. बाबांनी वर्षानुवर्षं लाल फुल्या मारून ठेवल्यात ना? ती विज्ञानकथांची सूची आहे ताई. ती कुणाकडेही विकत मिळणार नाही.

आणि आता पोस्टकार्ड. याच्यासाठी मी खुर्चीत सरसावून बसलो. नारळीकर सर व्याख्यानानंतर मुलांना वहीत सही देत नसत. म्हणत, विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, मी उत्तर देईन, त्याखाली सही असेल. आणि खरोखरच देत असत. म्हणजे तुमच्या दादाने आधी प्रश्न विचारलाय, मग ती सही मिळालीय. नुसत्या सहीच्या कागदाला ही सर नाही. २०२५ च्या मे महिन्यात सर गेले. अशी पत्रं किती घरांत असतील आणि त्यातली किती अशाच आवराआवरीत जातील, या विचाराने मला चैन पडत नाही. दादांना आज फोन करा आणि विचारा, प्रश्न काय होता, कोणत्या इयत्तेत होता, व्याख्यान कुठे ऐकलं. ते वेगळ्या कागदावर, तारखेसह, त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. कार्डाच्या पाठीवर काहीही लिहू नका.

कात्रणांच्या वहीविषयी: चंद्रावर पहिलं पाऊल पडलं तेव्हा आपल्याकडे २१ जुलै, सकाळचे ८ वाजून २६ मिनिटं झाली होती. सकाळचं वर्तमानपत्र त्याआधीच दारात पडलेलं. म्हणून पाऊल टाकल्याची बातमी २२ जुलैच्या अंकातली असणार, आणि २१ ची कात्रणं उतरण्याची किंवा त्याच्या तयारीची. बाबांनी तारखा घातल्या नसतील तर यावरून लावता येतील. खळीवर कसर येते, तरी कात्रणं उपटू नका. मोबाइलने प्रत्येक पानाचा सरळ वरून, दिवसाच्या उजेडात फोटो घ्या आणि वही तशीच ठेवा.

जपण्याचं सांगतो. प्लास्टिकच्या स्वस्त, मऊ, वासाच्या पिशव्या वापरू नका. त्या काही वर्षांत चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. पॉलिप्रॉपिलीनचे पारदर्शक खिसे मिळतात ते घ्या, नाहीतर साधा बटर पेपर. लॅमिनेशन नाही. सेलोटेप नाही. दिवाळी अंकांच्या पिना डोंबिवलीच्या दमट हवेत गंजलेल्या असणार. त्यांची टोकं हलक्या हाताने सरळ करून काढा आणि पांढऱ्या दोऱ्याने सैल टाका घाला. डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका. आमच्याकडे पोथ्यांत वेखंडाची पुरचुंडी ठेवतात, ती ट्रंकेच्या कोपऱ्यात चालेल. आणि ट्रंक नव्या घरात बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात तीच भिंत ओल धरते.

अपोलोच्या सह्यांबद्दल माझ्यापेक्षा ह्यूस्टनच्या मीनलताईंना जास्त माहिती. करपलेल्या पाकिटाचा फोटो मात्र मला लगेच पाठवा, दोन्ही बाजूंनी.

मीनल_ह्यूस्टन

आप्पांनी हाक मारली म्हणून आले. शर्वरी, नासा तेव्हा पत्र लिहिणाऱ्या शाळकरी मुलांनाही असे फोटो पाठवत असे, त्यामुळे बाबांकडे तो असणं अगदी शक्य आहे. सह्यांच्या तीन शक्यता. पहिली, सही फोटोबरोबरच छापलेली. भिंगातून बघ: सहीची रेघ बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली तर छापील. दुसरी, ऑटोपेन, म्हणजे यंत्राच्या हाताने खऱ्या पेनने केलेली सही. अंतराळवीरांकडे येणाऱ्या पत्रांचा ढीग इतका असायचा की नासात हे यंत्र सर्रास वापरलं जाई. त्यात रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी राहते, रेघ किंचित थरथरते आणि टोकांना बऱ्याचदा शाईचा ठिपका पडतो. हाताने सही करताना आपण वळणावर दाब बदलतो, शेवटी पेन उचलत उचलत काढतो. रेघ निमुळती होत जाते. ती तिसरी शक्यता.

खिडकीपाशी फोटो तिरका धरून बघ. पेनची शाई कागदाच्या चकाकीवर वेगळी बसलेली दिसते. शाई दिसली तरी उडी मारू नकोस. ऑटोपेनचे ठरावीक नमुने संग्राहकांनी जमवून ठेवलेत, त्यातल्या एकाशी सही रेघेला रेघ जुळली की उत्तर मिळालं. आर्मस्ट्राँगने १९९४ नंतर सह्या देणं बंद केलं, त्यामुळे त्याच्या नावाच्या नकला बाजारात खूप आहेत. तुझा फोटो बाजारातून आलेला नाही, ही तुझी मोठी जमेची बाजू. तो ज्या पाकिटातून आला ते पाकीट आणि सोबतचं पत्र सापडतंय का बघ.

शर्वरी_डोंबिवली

आप्पा, मीनलताई, खूप आभार. भिंग नव्हतं, बाबांचा जाड चष्मा उलटा धरून बघितलं! ठिपके नाहीत, पण रेघ सगळीकडे सारख्या जाडीची आहे आणि तिन्ही सह्यांच्या शेवटी बारीक टिंब आहे. म्हणजे यंत्राचीच म्हणायची. पाकीट आणि पत्र दोन्ही फोटोच्या मागच्या पुठ्ठ्यात सापडलं. पत्र बाबांच्या नावाने आहे, त्यांच्या तेव्हाच्या चाळीतल्या खोलीच्या पत्त्यावर. यंत्राची सही असली तरी हे मी कुणालाही देणार नाही.

दादाला फोन केला. त्याला प्रश्न शब्दशः आठवत होता! सूर्य मोठा होत जाईल तेव्हा पृथ्वी कुठे असेल, असं विचारलं होतं त्याने. सातवीत होता. आता तोच म्हणतोय कार्ड मला हवं.

करपलेल्या पाकिटाचे फोटो टाकलेत आप्पा. लेबलावर 'सिक्कीम' असंही दिसतंय. बाबांचे एक स्नेही कोलकात्याला रेल्वेत होते, त्यांनी दिलं असावं.

आप्पा_मिरज

ताई, फोटो पाहिले. पाकीट जसं आहे तसंच, करपलेल्या काठासकट, एका ताठ पुठ्ठ्यावर ठेवा आणि हात लावायचा कमी करा. राख झटकू नका.

कोलकात्यात स्टीफन स्मिथ नावाचे एक गृहस्थ होते. टपाल रॉकेटने पाठवता येईल या ध्यासाने त्यांनी १९३४ पासून दहा वर्षं प्रयोग केले. पहिलं रॉकेट ३० सप्टेंबर १९३४ ला जहाजावरून सागर बेटाच्या दिशेने सोडलं, ते वाटेतच फुटलं आणि पत्रं विखुरली. गृहस्थ थांबले नाहीत. १९३५ मध्ये सिक्कीमच्या दरबाराच्या पाठिंब्याने त्यांनी तिथे नदीपलीकडे पत्रं, पुड्या, औषधं रॉकेटने पाठवून दाखवली. डोंगराळ मुलखात दरड कोसळून वाट बंद झाली तर डाक पोचावी, हा त्यामागचा विचार. त्याच वर्षी दामोदर नदीवरून एक कोंबडा आणि एक कोंबडी रॉकेटमधून पलीकडे जिवंत उतरवली. आपल्या टपाल खात्याने १९९२ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढलं.

मी आयुष्यभर टपाल हाताळलं, त्यामुळे हा माणूस मला फार जवळचा वाटतो. थुंबा, श्रीहरिकोटा या आपल्या रॉकेट सोडायच्या जागांची नावं कुणी ऐकली नव्हती तेव्हा तो रॉकेटच्या पोटात पत्रं भरत होता, आणि कशासाठी, तर डाक वेळेवर पोचावी म्हणून.

तुमचं पाकीट खरं की नंतर कुणी केलेलं, हे फोटोवरून मी सांगणार नाही. लेबलाची छपाई, कागद, सही असल्यास सही, आणि करपल्याची खूण लेबलावरूनही गेलीय की लेबल नंतर चिकटवलंय, हे प्रत्यक्ष बघावं लागतं. मुंबईत तिकीट प्रदर्शन भरतं तेव्हा हवाई टपालाचे जाणकार परीक्षक येतात, त्यांना दाखवा. तोवर विकण्याची बोलणी कुणाशीच नकोत. त्या गृहस्थांनी हे पाकीट पाहिलंय का?

शर्वरी_डोंबिवली

पाहिलंय. 'जळकं आहे, फेकून द्या' म्हणाले होते.

आप्पा_मिरज

मग बरंच झालं.

कौस्तुभ_ठाणे

शर्वरी, जागेचा प्रश्न राहिलाच. पाकिटं, कार्ड, फोटो, कात्रणांची वही हे सगळं एका ट्रंकेत मावेल. अल्बम माझ्या मुलीच्या शाळेत तिकीट मंडळ आहे त्यांना देता येतील, भूतानची पानं काढून घेऊन. मॉस्कोवाली पुस्तकं तू वाचणार असशील तर ठेव. पेरेलमान या रशियन लेखकाची भौतिकशास्त्राची असतील तर मी आनंदाने घेईन आणि आठवीतल्या पोरांना वाचायला देईन. खरा बोजा दिवाळी अंकांचा आहे.

आप्पा_मिरज

अंकांसाठी असं करा. बाबांची फुली असलेल्या प्रत्येक अनुक्रमणिकेचा आणि मुखपृष्ठाचा फोटो घ्या, अंकाचं नाव आणि वर्ष लिहून यादी करा. ती यादी आधी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला आणि चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेला पाठवा. त्यांच्याकडे नसलेले अंक कोणते तेवढं विचारा. जागेची चणचण त्यांनाही आहे, गठ्ठा थेट नेऊन टाकू नका. त्यांनी न घेतलेले अंक रद्दीत जाण्यापूर्वी मला कळवा. रविवारच्या गाडीने माझा पुतण्या कल्याणला येतो, तो घेऊन येईल. मिरजेला माझ्याकडे कोरडी खोली आहे.

शर्वरी_डोंबिवली

यादीला आजपासून लागते. पहिली अकरा मुखपृष्ठं आणि अनुक्रमणिका संध्याकाळी इथेच टाकते, कुणाला त्यातली एखादी कथा आठवत असेल तर सांगा. दोन अंकांची पहिली पानं गेलीत, त्यांचं वर्ष जाहिरातींवरून लावावं लागेल, त्यात मदत हवीय.